यादीत राहून गेलेली ओळ

मोंगी, २ मार्च २००९

प्रिय इदाली,

अक्षर माझं नाही हे तुला पाकिटावरच कळलं असेल. माझे दोन्ही हात गेले. सदतीस वर्षं या हातांनी फुटबॉल शिवले आणि आता त्यांना साधी लेखणी धरवत नाही. शेजारच्या त्रान्सितोबाई लिहून घेताहेत. माझं बोलणंही जड झालंय. ते कळणारी गावात ही एवढी एकच बाई उरली आहे. बाई रोज देवळात जाते, म्हणून ती काय लिहिते यावर माझं लक्ष आहे. शेवटी सगळं वाचून दाखवायला लावणार आहे. (लावू देत. मी काना-मात्रा बदलत नाही. – त्रान्सितो)

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. गेल्या आठवड्यात सोगामोसोच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. आजार हातांकडून घशाकडे निघालाय. आधी गिळणं जाईल, मग श्वास. मी विचारलं, "तेव्हा मला मोकळं कराल का?" घटना न्यायालयानं बारा वर्षांपूर्वी निकाल दिलाय की बरा न होणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं मागितलं तर डॉक्टरनं त्याची सुटका करावी, त्याला शिक्षा नाही. त्याच निकालात संसदेला सांगितलंय, याचा कायदा करा. तर डॉक्टर म्हणतो, "निकाल मी वाचलाय, मास्तर. पण कायदा कुठाय? किती डॉक्टरांनी तपासायचं, सही कुणाची घ्यायची, काही ठरलेलं नाही. उद्या दारात सरकारी वकील उभा राहिला, तर त्याला काय निकालाची झेरॉक्स दाखवू?"

आता तुझ्याकडे येतो. तू बावीस वर्षं त्या संसदेत, असे कायदे ज्या समितीपुढे येतात तिच्याच कचेरीत बसतेस. तिथं असं विधेयक पडून आहे हे मला रेडिओवरून कळावं? त्यासाठी तुला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत? घोडं कुठं पेंड खातंय ते मला सरळ सांग.

अर्सेसियो

बोगोटा, १७ मार्च २००९

प्रिय दादा,

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरनं हातात दिलं. कचेरीत फोन करू नकोस. केलास तरी यातलं काही बोलू नकोस. सध्या इथं ज्याला त्याला वाटतं, आपला फोन कुणीतरी ऐकतंय. भिंतींनाही कान आहेत, आणि कोणता कान कुणाचा ते कळत नाही.

विधेयकाचं तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं. या बारा वर्षांत असं विधेयक कितीदा आलं आणि कितीदा बुडालं, मोजायचं सोडून दिलं मी. या वेळी ते डॉक्टर बुस्तामांतेंनी आणलंय. समितीत एकोणीस सभासद. दहा जण खुर्चीत असले तरच मतदान होतं. आणि २० जूनच्या आत पहिली चर्चा झाली नाही, तर विधेयक आपोआप मरतं. पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक नियम आहे. ज्याच्यावर मत घ्यायचं, ते विधेयक आधीच्या बैठकीच्या शेवटी मोठ्यानं वाचून जाहीर करावं लागतं. ती यादी मी टाइप करते आणि सचिव फेर्मीन वाचतो. जाहीर न करता मत घेतलं, तर पुढे तेच न्यायालय अख्खा कायदा रद्द करतं. तसं झालेलंही आहे. म्हणून इथं सगळे त्या यादीला देवाला भ्यावं तसे भितात.

तू जेवतोस का नीट? थंडीत अंगावरचा लोकरी रुआना काढत जाऊ नकोस.

तुझी इदाली

मोंगी, ३ एप्रिल २००९

इदाली,

पत्र पोचलं. एक पानभर नियम आणि शेवटी रुआना. मी विचारलं होतं की कायदा होणार का. त्याला 'हो' नाही, 'नाही'ही नाही. हे गुळमुळीत लिहिणं तुझं नाही, त्या इमारतीचं आहे.

आणि हे 'तू' कधीपासून? आपल्या घरात आईसुद्धा मला 'तुम्ही' म्हणायची. बोगोटात शिकलीस वाटतं.

तुमच्याकडे सगळेच डॉक्टर आहेत की काय? डॉक्टर बुस्तामांते कोणत्या रोगाचे? माझ्या माहितीत तो वकील आहे. तिथं एकोणीस डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात आणि मला इथं एक मिळेना.

परवा चांगुआचं दुधाचं सूप पिताना ठसका लागला. दूध नाकातून आलं, मग हवाच येईना. किती वेळ ते त्रान्सितोबाईंना विचार. (मी दोनदा 'प्रभू येशू' म्हणून झालं तरी तोंड निळंच होतं. खोटं सांगत नाही.) मला मरणाची भीती नाही ग. मला त्या हवा नसण्याची भीती आहे. आपल्या घरच्या खुर्चीत, पेलाभर दुधात बुडून जायचं, आणि तेही हळूहळू.

पाणी कुठंतरी मुरतंय. कोण पाचर मारतंय, त्याचं नाव सांग. तुला माहीत आहे.

अर्सेसियो

बोगोटा, १० मे २००९

प्रिय दादा,

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. आता नावं सांगते, पण त्यांचा उपयोग होईल असं वाटत नाही.

डॉक्टर आवेंदान्यो विरोधात आहेत असं सगळे म्हणतात. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा मला म्हणाले, "इदालीताई, मी विरोधात मत देणार नाही. पेपरवाले मला निर्दय ठरवतील. बाजूनं दिलं तर बिशप मला रविवारी देवळातून ठरवतील. पुढच्या मार्चमध्ये निवडणूक आहे. न्यायाधीशांना कुठं मतं मागायची असतात? त्यांनी हक्क दिलाय ना, मग शिव्याही त्यांनीच खाव्यात." हसत हसत म्हणाले, आणि कॉफीत साखर जास्त मागितली.

मग आमचे बुस्तामांते. विधेयक त्यांचं, आणि कार्यक्रमपत्रिकेत ते चौदाव्या क्रमांकावर ठेवा असं सांगणारेही तेच. मी विचारलं, "डॉक्टर, चौदाव्यापर्यंत आपण कधी पोचलोय का?" तर मला बाजूला घेऊन म्हणाले, की विरोधकांनी त्यात अटी घातल्यात. पाच डॉक्टरांच्या सह्या, पाचही एकाच शहरातले, वर न्यायाधीशाची परवानगी. असा कायदा झाला तर न्यायालयानं दिलेलंही हातचं जाईल. मग झालाच नाही तर काय बिघडलं? मला त्यांचं म्हणणं पटलं आणि पटलंही नाही. ते खरंच अटींना भितात, की निवडणुकीला, ते मला सांगता येत नाही.

उरलेले म्हणतात, हक्क आहेच की, घाई कसली? न्यायालय संसदेकडे बोट दाखवतं, संसद न्यायालयाकडे आणि तुमचा डॉक्टर दोघांकडे. पाचर कुणा एकानं मारलेली नाही, दादा. सगळे त्या विधेयकाबद्दल फार चांगलं बोलतात. नुसती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

पण या वेळी एक गोष्ट वेगळी आहे. समितीच्या अध्यक्षांना वर्तमानपत्रांनी धारेवर धरलंय, त्यामुळे १७ जूनला ते विधेयक पहिल्या क्रमांकावर घेणार आहेत. मी लक्ष ठेवून आहे.

तुमची इदाली

मोंगी, २८ मे २००९

इदालीबाई,

हे पत्र माझं एकटीचं आहे. मास्तरांना ठाऊक नाही. त्यांना कळलं तर उद्यापासून लिहायला दुसरी बाई शोधतील, आणि दुसरी मिळायची नाही.

१७ जूनच्या बैठकीचं तुमचं पत्र वाचून दाखवल्यापासून माणूस बदललाय. हसतो. मला चिडवतो. टीव्हीवर संसदेचं ते कंटाळवाणं चॅनेल लावून बसतो, दुसरं काही बघू देत नाही. काल मला कपाट उघडायला लावलं. काळा सूट काढवला, इस्त्री करवून घेतली, बुटांना पॉलिश. "कशाला?" म्हटलं तर म्हणाले, "तारीख जवळ आली."

माझ्या अंगावर काटा आला, बाई. मी अडाणी आहे, न्यायालयाचं मला कळत नाही. पण सूट कुठल्या तारखेसाठी काढतात ते कळतं. आम्ही त्यांना रोज भरवतो, उचलतो, बसवतो, आणि यांनी जायची तयारी केलीसुद्धा. कायदा झाला की दुसऱ्या दिवशी ते सोगामोसोला जातील.

ती जाहीर करायची यादी तुम्हीच करता ना? तुम्हीच लिहिलं होतंत. मी काही सुचवत नाही. नुसतं विचारलं.

त्रान्सितो

बोगोटा, १९ जून २००९

प्रिय दादा,

तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. १७ तारखेला सोळा जण हजर होते. इतके मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. अध्यक्षांनी विधेयक पुकारलं आणि डॉक्टर आवेंदान्यो शांतपणे उठून म्हणाले, की हे आदल्या बैठकीत जाहीर झालेलं नाही. इतिवृत्त आणून तपासलं. खरंच नव्हतं. मत घेणं शक्यच नव्हतं. त्यानंतर २० तारखेपूर्वी बैठक नाही. विधेयक संपलं.

यादीत ती ओळ राहून गेली. फेर्मीननं वाचताना लक्ष दिलं नाही. अध्यक्ष त्याला सगळ्यांसमोर बोलले. वाईट वाटलं.

बुस्तामांते २० जुलैनंतर नव्यानं मांडतील. तुम्ही धीर सोडू नका.

तुमची इदाली

मोंगी, २६ जून २००९

इदाली,

मी पाहिलं. सोळा जण खुर्चीत होते. मी त्रान्सितोबाईंना दोनदा मोजायला लावलं.

'राहून गेली.' तू? आई सांगायची, बाजाराच्या यादीत मीठ लिहायचं विसरलीस म्हणून तू आठव्या वर्षी रडली होतीस. बावीस वर्षं तू याद्या टाइप करतेस. फेर्मीन समोर ठेवलेला कागद वाचतो. समोर कागद कोण ठेवतं? तूच मार्चमध्ये लिहिलं होतंस. आणि त्या बिचाऱ्याच्या माथी मारून 'वाईट वाटलं' म्हणतेस.

दोन महिने मी आवेंदान्योवर संशय घेतला, बुस्तामांतेवर घेतला, बिशपवर घेतला. तुझ्यावर घेतला तो फक्त काही लपवतेस म्हणून. हे करशील असं वाटलं नव्हतं.

(इथं मी लेखणी खाली ठेवली. मास्तरांना सांगितलं की मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, सुटाचं. त्यांनी सुटाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "लिही पुढं.")

सूट १६ जुलैच्या कार्मेनमातेच्या जत्रेसाठी काढला होता. दरवर्षी मी मिरवणुकीत चालतो. यंदा चालता येणार नाही, म्हणून ट्रकवर खुर्ची बांधून बसणार होतो. माता ट्रकवाल्यांची, त्यांनीच बोलावलंय. मरायला जाणारा माणूस सोगामोसोच्या दवाखान्यात बुटांना पॉलिश करून कशाला जाईल? दोघी बायकांनी मिळून मला सुटात घालून पुरलंत की!

आता नीट ऐक, कारण इतकं बोलायला मला दोन दिवस लागलेत. मला कायदा हवा होता तो दुसऱ्या दिवशी मरायला नव्हे. दार उघडं आहे एवढं कळलं असतं, तर मी वर्षभर इथंच खुर्चीत बसून राहिलो असतो. घास नरड्यात अडकला असता तर म्हटलं असतं, फारच झालं तर दार आहे. आता प्रत्येक घासाला वाटतं, हाच तो. तू मला वाचवलं नाहीस. मला आत कोंडून किल्ली खिशात घातलीस.

आणि गंमत बघ. त्या अख्ख्या इमारतीत बारा वर्षांत माझ्यासाठी कुणी काही केलं असेल तर ते तू एकटीनं केलंस. आणि नेमकं तेच उलटं केलंस.

मला माफी लिहून पाठवू नकोस. इकडे ये. मला डॉक्टर नको म्हणणारी तू, तर मग माझ्याजवळ तू बस.

अर्सेसियो

बोगोटा, १ जुलै २००९

दादा,

ओळ मी काढली. ६ जूनला घरी ठरवलं, मग कचेरीत जाऊन यादी पुन्हा टाइप केली, तिच्याशिवाय. टाइप करताना एकही चूक झाली नाही, हे मला आता सगळ्यात भयंकर वाटतं. मला वाटलं, बुस्तामांते भितात, आवेंदान्यो भितात, मग मीच एकटी का भिऊ नये? त्यांच्या भीतीला कारणं होती. माझ्या भीतीला तुम्ही होता.

बिनपगारी रजा घेतली आहे. शनिवारच्या पहिल्या बसनं येते.

इदाली

मोंगी, २४ ऑगस्ट २००९

प्रिय फेर्मीन,

जूनमध्ये अध्यक्ष तुला जे बोलले ते माझ्या वाट्याचं होतं. ती ओळ टाइप करताना राहिली नव्हती. मी काढली होती. हे अध्यक्षांना सांगायचं असेल तर खुशाल सांग, मी नाही म्हणणार नाही. तुला मात्र हे आधीच सांगायला हवं होतं. मी तुझ्याकडे बघत उभी राहिले आणि गप्प बसले.

इथं येऊन सात आठवडे झाले. दादा जत्रेत ट्रकवर बसले, सूट घालून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते अंथरुणातून उठलेले नाहीत. बोलणं बंद झालंय. मी कागदावर अक्षरं लिहिली आहेत, एकेकावर बोट ठेवत जाते, हवं ते आलं की ते पापणी मिटतात. एक शब्द व्हायला चहा निवून जातो.

गुळाचं घट्ट पाणी चमच्यानं देते. अर्धा पेला, तास लागतो. रोज एकदा तरी श्वास अडकतो. मी पाठ थोपटते, उताणं करते, कुशीवर करते, जे शिकवलंय ते सगळं करते. तेवढ्या वेळात ते माझ्याकडे बघत असतात. मदत मागत नाहीत, फेर्मीन. मी बघते आहे ना, एवढंच बघतात. आणि मी बघते. दुसरीकडे तोंड फिरवायचा अधिकार मी जूनमध्ये गमावला.

त्रान्सितोबाई अजून देवळात जातात. काल परत आल्या आणि पायरीवर बसून म्हणाल्या, "इदालीबाई, आता तिथं काय मागायचं तेच मला कळत नाही."

बुस्तामांतेंनी विधेयक पुन्हा मांडलंय असं पेपरात वाचलं. नवा क्रमांक ५३. माझ्या जागी आता यादी तूच करत असशील. तर ५३ सगळ्यात वर लिही. वाचताना मोठ्यानं वाच, दोनदा वाच. इथं टीव्ही दिवसभर चालू असतो, ते ऐकतात. परवा मी विचारलं, "काही हवंय?" तर अर्धा तास पापण्या मिटून त्यांनी 'बैठक कधी' एवढं विचारलं.

इदाली

बोगोटा, १८ सप्टेंबर २००९

प्रिय इदाली,

तुझं पत्र मी फाडून टाकलं. अध्यक्षांना काही सांगणार नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्या दिवशी माझ्यावर ओरडताना ते आतून सुटल्यासारखे दिसत होते, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

५३ मी ९ तारखेला जाहीर केलं. पहिल्या ओळीवर. दोनदा वाचलं, मोठ्यानं. डॉक्टर आवेंदान्यो म्हणाले, "फेर्मीन, आम्ही बहिरे नाही." इतिवृत्तात नोंद आहे, शिक्का आहे. या वेळी यादीत खोट काढायला जागा ठेवली नव्हती.

परवा १६ तारखेला सकाळी अठरा जणांनी हजेरीवर सह्या केल्या. अध्यक्षांनी ५३ पुकारलं. आवेंदान्योंना विमान गाठायचं होतं. दोघांना मंत्रालयातून बोलावणं आलं. एकीचा मुलगा आजारी होता, निदान ती तसं म्हणाली. बाकीचे काही न सांगता उठले. बुस्तामांते फोन कानाला लावून बाहेर गेले. गंभीर चेहऱ्यानं, मला हातानं 'आलोच' अशी खूण करून. मग मागच्या रांगेतल्या एकानं किती जण हजर आहेत ते मोजायची मागणी केली.

मी नावं पुकारली. एकोणीस नावं मी इतकी सावकाश कधी पुकारली नव्हती. तीनदा पुकारली, नियमात दोनदाच आहे. दार अर्धवट उघडं होतं. व्हरांड्यातून कॉफीच्या कपांचा आवाज येत होता आणि बुस्तामांतेंचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. ते फोनवर कुणालातरी सांगत होते, की आज आपण इतिहास घडवणार होतो.

नऊ जण होते. दहा लागतात. अध्यक्षांनी बैठक उठवली.

तुमच्या टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या नसतील, या वेळी कॅमेरा अध्यक्षांवरच ठेवला होता. म्हणून काय झालं ते दादांना कळलं नसेल, आणि ते विचारतील. त्यांच्याशी खोटं बोलू नकोस. अधिकृत कागदावर जे आहे तेच सांग, मी ते स्वतःच्या हातानं लिहिलंय आणि त्यातलं अक्षर न अक्षर खरं आहे: विधेयक क्रमांक ५३, विरोधात एकही मत पडलं नाही.

फेर्मीन